साठवणीची भिंत आणि बांधणारा हात



टाक्या आणि कोठ्या बांधणाऱ्यांच्या या परिषदेचे अध्यक्षपद आपण मला दिलेत, याबद्दल मी आपला मनःपूर्वक ऋणी आहे. परिषद वर्ध्यात भरते आहे, ही फार उचित गोष्ट झाली. १९३४ च्या डिसेंबरात अखिल भारत ग्रामोद्योग संघाची स्थापना याच गावात झाली. जमनालाल बजाजांनी दिलेल्या मगनवाडीत जे. सी. कुमारप्पांनी तेलघाणी, हातकागद, गूळ, मधमाश्या अशा कितीतरी उद्योगांचे प्रयोग केले. १९३८ साली मगन संग्रहालय उभे राहिले. सेवाग्रामला आदी निवास आणि बापूकुटी आसपास मिळणाऱ्या माती, लाकूड, बांबू आणि कौलांतून बांधल्या गेल्या. पुढे दत्तपूरला डॉ. देवेंद्रकुमार यांच्या ग्रामोपयोगी विज्ञान केंद्राने स्वस्त घरे, बांबू, संडास, गोबरगॅस यांवर वर्षानुवर्षे काम केले. या सर्व खटाटोपामागे एक साधा प्रश्न होता : ही वस्तू गावात कोण बनवील, आणि बिघडली तर कोण दुरुस्त करील? टाकीसाठी साहित्य निवडताना आपणही हाच प्रश्न सर्वांत आधी विचारला पाहिजे. आजच्या भाषणात मला मुख्यतः एवढेच मांडायचे आहे.

आत जे साठवायचे, ते भिंतीशी कसे वागते, हे आधी पाहू. पाण्याचा हिशेब सरळ आहे. दर मीटर खोलीला दर चौरस मीटरवर सुमारे १ टन दाब वाढतो. ३ मीटर व्यासाची आणि २ मीटर खोल गोल टाकी घ्या. तिच्यात १४,००० लिटर पाणी मावते. तळाशी दर चौरस मीटरवर २ टन दाब येतो. भिंत गोल असल्यामुळे या दाबाने ती वाकण्याऐवजी चहूबाजूंनी ताणली जाते. तळालगतच्या मीटरभर उंचीच्या पट्ट्यात हा ताण जास्तीत जास्त ३ टन धरावा. भिंत ३ सेंटीमीटर जाड असेल, तर दर चौरस सेंटीमीटरला १० किलो ताण येतो. जाळी नीट भरलेल्या चांगल्या गिलाव्याला एवढा ताण सहज पेलतो. हीच टाकी चौकोनी बांधली, की भिंती वाकू लागतात, जाडी वाढते, लोखंड वाढते आणि कोपरे तडकतात. जागेची अडचण नसेल, तर गावाने गोल टाकीच बांधावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

धान्याची तऱ्हा वेगळी. १८९५ साली यान्सेन नावाच्या जर्मन अभियंत्याने दाखवून दिले, की उंच कोठीत धान्याचा दाब तळापर्यंत वाढत जात नाही. एका खोलीनंतर तो जवळपास स्थिर होतो, कारण दाण्यांचा बराचसा भार घर्षणाने भिंतच उचलते. त्यामुळे धान्याच्या कोठीत भिंतीवर उभा भार येतो आणि पातळ पत्रा चुरगळण्याची भीती असते. पत्र्याला नागमोडी घड्या आणि उभे आधार देतात ते म्हणूनच. धान्य काढताना एका बाजूच्या दारातून उपसा केला, तर भिंतीवरचा दाब असमान होतो आणि गोल कोठी आपला आकार सोडते. दार तळाच्या मध्यावर हवे, ही सूचना कोठी बांधणाऱ्या प्रत्येकाने गाठीला बांधावी.

आपल्याकडची जुनी बांबूच्या तट्ट्याची, शेणमातीने लिंपलेली कणगी हवा खेळती ठेवत असे, पण उंदीर आणि किडा तिला पुरून उरत. पत्र्याच्या कोठीने उंदीर थांबवले. मात्र दिवसा तापलेला आणि रात्री थंड झालेला पत्रा आतल्या बाफेचे पाणी करतो आणि वरचा थर कुजवतो. सोयाबीन, तूर, गहू कोठीत जाण्याआधी कडकडीत वाळलेला हवा. ओला दाणा सांभाळील अशी भिंत अजून कोणी बांधलेली नाही.

आता साहित्याकडे वळतो. प्लॅस्टिकच्या टाक्या देशात १९७५ च्या सुमारास सिंटेक्सने आणल्या. घराच्या गच्चीवर त्यांनी फार मोठी सोय केली, हे मान्य केले पाहिजे. पण मोठ्या साठवणीसाठी त्या कामाच्या नाहीत, आणि फुटल्यावर गावात त्यांची भरवशाची दुरुस्ती होणे अवघड. पोलादी पत्र्यावर काच ८०० अंशांहून जास्त उष्णतेत भाजून बसवलेल्या, बोल्टने जोडायच्या टाक्या आता आल्या आहेत. त्या लवकर उभ्या राहतात, गंजत नाहीत. पण सांध्यातला रबर किंवा लुकण गेले, की बाहेरच्या माणसाची वाट पाहणे आले. गावासाठी १ लाख लिटरची उंच टाकी मात्र बहुधा काँक्रीटचीच असते, आणि तिचे शास्त्र आपल्याकडे पक्के आहे. भारतीय मानक ३३७० हे १९६५ सालापासून आहे. त्याच्या २००९ च्या सुधारणेत एम ३० प्रतीचे काँक्रीट, पाणी-सिमेंट प्रमाण ०.४५ च्या आत आणि तडा ०.२ मिलिमीटरच्या आत, अशी बंधने घातली गेली.

गच्चीवरची टाकी आणि गावाची उंच टाकी या दोहोंच्या मधल्या आकारासाठी, म्हणजे शाळा, अंगणवाडी, गोठा आणि वस्ती यांच्यासाठी, मी फेरोसिमेंटचा, म्हणजे जाळीत दाबून भरलेल्या गिलाव्याचा, आग्रह धरतो. हे साहित्य नवे नाही. १८४८ साली फ्रान्समध्ये लांबो याने जाळी आणि गिलाव्याची नाव बांधली. पुढे मोनिये या माळ्याने त्याच धर्तीवर कुंड्या आणि टाक्या केल्या आणि १८६७ साली पेटंट घेतले. आपल्याकडे २५० ते १०,००० लिटरच्या फेरोसिमेंट टाक्यांसाठी १९९२ पासून मानक १३३५६ आहे.

त्याचे काम जवळून पाहा. ६ मिलिमीटरच्या सळयांचा सांगाडा, त्यावर वेल्डमेश, आणि दोन्ही बाजूंनी कोंबडी जाळीचे थर तारेने घट्ट बांधलेले. वाळू बारीक चाळणीतून काढलेली, एक भाग सिमेंटला दोन भाग वाळू, आणि पाणी अगदी बेताचे. एक गवंडी आतून फळी धरतो, दुसरा बाहेरून थापी दाबून गिलावा जाळीच्या प्रत्येक घरातून पलीकडे पोचवतो. पोकळी राहिली, की तिथून पाणी झिरपणार. तळ आणि भिंत जुळतात तिथे गोलसर वाटा घ्यायचा, कारण पहिला तडा नेहमी तिथेच पडतो. या कामाला सेंट्रिंग लागत नाही, मोठे यंत्र लागत नाही. लागते ती चांगली वाळू, सराव आणि सचोटी. गळती झालीच, तर तेवढी जागा फोडून, जाळी मोकळी करून, त्याच गवंड्याला ती पुन्हा बुजवता येते.

बांबूविषयी प्रामाणिकपणे बोलायला हवे, कारण या जिल्ह्याला बांबूविषयी ममत्व आहे. ओल्या काँक्रीटमध्ये बांबू पाणी पिऊन फुगतो, मग सुकून आकसतो आणि पकड सुटते. म्हणून पाण्याच्या मोठ्या टाकीत सळईच्या जागी बांबू घालू नये. धान्याच्या कोरड्या कोठीत मात्र बुरुडाचा हात आणि गवंड्याचा हात एकत्र आणायला खूप वाव आहे.

मित्रहो, आता बांधताना सांभाळायच्या तीन गोष्टी. पहिली गोष्ट पायाची. विदर्भात टाकी बिघडते ती बहुधा पायात. आपली काळी कपाशीची जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल अशा भेगा पडतात. टाकी गळू लागली, की खालची माती एका बाजूने भिजून फुगते, तळ उचलला जातो, तडा रुंदावतो आणि गळती आणखी वाढते. हे चक्र एकदा सुरू झाले, की वरून कितीही गिलावा मारा, काही उपयोग होत नाही. उपाय माहीत आहेत. काळी माती काढून मुरूम थराथराने भिजवून ठोकावा, भोवती फरसबंदी करावी, ओसंडणारे पाणी नळाने लांब न्यावे. मुंबईच्या आयआयटीत प्रा. कट्टी यांनी न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर काळ्या मातीवर देण्याची पद्धत विकसित केली. जड टाक्यांसाठी तळाशी फुगीर असलेले अंडर-रीम्ड पाइल आहेत. अंदाजपत्रकात मात्र मुरुमाला कात्री लागते आणि रंगाला पैसे राहतात. हे बदलले पाहिजे.

दुसरी गोष्ट पाणी मारण्याची. पावसाआधी उरकायची म्हणून टाक्यांची कामे बहुधा ऐन उन्हाळ्यात निघतात, आणि तेव्हा वर्ध्याचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो. ताज्या गिलाव्यावर त्या उन्हात ओले बारदान नसेल, तर काही तासांतच केसासारख्या चिरा पडतात. फेरोसिमेंटची भिंत पातळ असल्याने तिला किमान १४ दिवस सतत ओली ठेवावी लागते. पाण्यासाठी बांधलेल्या टाकीलाच पाणी मिळत नाही, अशी वेळ टंचाईच्या गावात येते. म्हणून टँकरचा खर्च आधीच अंदाजपत्रकात धरावा.

तिसरी गोष्ट परीक्षेची. मानक ३३७० सांगते : उंच टाकी भरून ७ दिवस तिला पाणी शोषू द्या, नंतरचे ७ दिवस बाहेरची बाजू कोरडी राहिली पाहिजे. जमिनीखालच्या टाकीत त्या ७ दिवसांत पातळी मानकाने घातलेल्या मर्यादेपेक्षा जास्त उतरू नये. या परीक्षेला महागडे उपकरण लागत नाही. सरपंच, बचत गटातल्या ताई, शाळेतली मुले, कोणीही पट्टी धरून ती करू शकते. ती गावासमोर व्हावी आणि निकाल फळ्यावर लिहावा. टाकी वापरात आल्यावर छताची आतली बाजू दरवर्षी पाहावी, कारण क्लोरीनची वाफ तिथेच साचते आणि तिथली सळई सर्वांत आधी गंजते.

या परिषदेने तीन ठराव करावेत, अशी माझी विनंती आहे. पहिला, फेरोसिमेंटच्या गवंड्यांसाठी जिल्ह्यात नियमित प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र असावे, आणि प्रमाणपत्र नसलेल्या हाती टाकी जाऊ नये. दुसरा, पायाचा मुरूम, पाणी मारणे आणि १४ दिवसांची परीक्षा या तीन बाबी प्रत्येक निविदेत स्वतंत्र दराने लिहाव्यात. तिसरा, प्रत्येक टाकीवर बांधणाऱ्या गवंड्याचे नाव आणि साल कोरावे, आणि दुरुस्त्यांची वही ग्रामपंचायतीत ठेवावी. नाव कोरले, की जबाबदारी येते आणि मानही येतो. हा मान आपल्या कारागिराला आजवर मिळालेला नाही, आणि तो देणे हे अभियंत्यांचे कर्तव्य आहे.

अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना एवढेच सांगतो : पदवी हातात येण्याआधी एका टाकीचा गिलावा स्वतःच्या हाताने जाळीत दाबून पाहा. आकडेमोड तुम्हाला येईलच. गवंड्याशेजारी उभे राहून शिकलात, तर तुम्ही काढलेला आराखडा गावाला पेलवेल आणि गाव तो सांभाळील.

 परिषदेचे काम सुरू झाले आहे असे जाहीर करतो. जय जगत.