चौकशीला जायचं भाडं



बडतर्फीचा आदेश दिसायला अगदी साधा असतो. वर जावक क्रमांक, मग 'वाचले' या शब्दाखाली संदर्भांची यादी, आणि शेवटच्या परिच्छेदात एक वाक्य : 'या आदेशाच्या दिनांकापासून सेवेतून बडतर्फ करण्यात येत आहे.' खाली सही, गोल शिक्का. त्याखाली प्रती कुणाकुणाला पाठवल्या त्यांची नावं, त्यात कोषागार कार्यालयही असतं. ज्याच्या नावानं आदेश निघतो, त्याचा पगार त्या दिवसापासून बंद. आधीची सगळी नोकरी निवृत्तिवेतनापुरती वाया गेलेली. नियमांत 'सेवेतून काढून टाकणे' अशी आणखी एक शिक्षा आहे. तीही जबरच, पण तिच्यात पुढे सरकारी नोकरीचं दार निदान कायमचं बंद होत नाही. बडतर्फीत सहसा तेही होतं.

मी सरकारी नोकरीत होतो. विभागीय चौकशीत सापडलेल्या सहकाऱ्यांच्या बाजूनं 'बचाव सहायक' म्हणून मी अनेकदा उभा राहिलो. आपल्याकडे चौकशीत वकील सहसा मिळत नाही. नोकरीतलाच किंवा निवृत्त झालेला एखादा जाणता माणूस मदतीला घेता येतो, त्याला बचाव सहायक म्हणतात. समोर चौकशी अधिकारी, एका बाजूला खात्याचा सादरकर्ता अधिकारी, दुसऱ्या बाजूला आरोप असलेला कर्मचारी. कागदोपत्री त्याला 'अपचारी' म्हणतात. दोष सिद्ध व्हायचा असतो, पण हे नाव पहिल्या दिवसापासून चिकटतं. या शब्दाची मला कधी सवय झाली नाही.

अशा आदेशाविरुद्ध माणूस आधी वरिष्ठांकडे अपील करतो. ते फेटाळलं गेलं, किंवा सहा महिने त्यावर काहीच निर्णय झाला नाही, तर एका वर्षाच्या आत महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाकडे, म्हणजे आपण ज्याला 'मॅट' म्हणतो तिकडे जाता येतं. मॅट १९९१ सालापासून आहे. मुंबईत मुख्य पीठ, शिवाय नागपूरला आणि छत्रपती संभाजीनगरला पीठं आहेत. मॅटचा निकाल पटला नाही तर पुढे उच्च न्यायालय.

लोकांचा इथे एक मोठा गैरसमज असतो. त्यांना वाटतं, माणसानं पैसे खाल्ले की नाही, हे आता कोर्ट ठरवणार. कोर्ट तसं सहसा करत नाही. पुरावा पुन्हा तोलायला ते बसत नाही. ते विचारतं : तुम्ही ठरवलंत ते कसं ठरवलंत? आरोप त्याला कळेल असा सांगितला होता का? साक्षीदारांची उलटतपासणी त्याला घेऊ दिली का? ज्या कागदावर विसंबलात तो त्याला दाखवला का? निष्कर्षाला काहीतरी पुरावा आहे, की नुसता संशय? आणि शिक्षा गुन्ह्याच्या मानानं मन हादरेल इतकी मोठी तर नाही ना?

हे प्रश्न विचारायचा हक्क आपल्याकडे सहजासहजी आलेला नाही. इंग्रजी राज्यात नोकरी ही राजाच्या मर्जीची होती. सुरेंद्रनाथ बॅनर्जींना १८७४ साली आयसीएसमधून काढलं, ते दाद मागायला थेट लंडनला गेले आणि हात हलवत परत आले. आपल्या पुण्यात १८८८ साली क्रॉफर्ड प्रकरण गाजलं. लाच घेतल्याचा आरोप असलेल्या क्रॉफर्डसाहेबाविरुद्ध साक्ष द्या, तुम्हाला धक्का लागणार नाही, असं अभय सरकारनं मामलेदारांना दिलं आणि नंतर त्यांतल्याच काहींना काढलं. लोकमान्य टिळक त्या मामलेदारांच्या बाजूनं उभे राहिले. लाच दिलेल्या माणसांची बाजू घेणं सोपं नव्हतं. पण सरकारनं दिलेला शब्द सरकारनं पाळला पाहिजे, हा मुद्दा त्यांनी सोडला नाही. पुढे १९३५ च्या कायद्यात वाजवी संधी दिल्याशिवाय काढायचं नाही, असं कलम आलं. आय. एम. लाल नावाच्या आयसीएस अधिकाऱ्याला १९४० साली काढलं होतं. ते खटला शेवटपर्यंत लढले आणि १९४८ साली प्रिव्ही कौन्सिलनं, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपिली न्यायालयानं, निकाल दिला की त्यांना वाजवी संधी मिळालीच नव्हती. मागचा पगार मात्र मिळाला नाही.

तेच कलम आपल्या राज्यघटनेत ३११ या क्रमांकानं बसलं. वाजवी संधी म्हणजे नेमकं काय, हे सर्वोच्च न्यायालयानं खेमचंद खटल्यात डिसेंबर १९५७ मध्ये सांगितलं. आरोप नाकारायची संधी, आणि ती खरी ठरायची तर आधी आरोप नीट कळायला हवा. साक्षीदारांना उलट प्रश्न विचारायची आणि आपले साक्षीदार आणायची संधी. शेवटी, ठरवलेल्या शिक्षेबद्दल बोलायची संधी. ही शेवटची संधी १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीनं काढून घेतली. मग १९९३ साली पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं सांगितलं, की चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल कर्मचाऱ्याच्या हाती द्या, त्याचं म्हणणं ऐका, आणि मगच तो दोषी की नाही ते ठरवा. कलमाला अपवादही आहेत : फौजदारी गुन्ह्यात शिक्षा झालेली असेल, चौकशी करणंच शक्य नसेल, किंवा राज्याच्या सुरक्षेचा प्रश्न असेल, तर चौकशीविना काढता येतं.

आता मला ज्याच्याबद्दल बोलायचं आहे तो निकाल. १९७३ सालचा, सर्वोच्च न्यायालयाचा. मध्य प्रदेशातला एक वनक्षेत्रपाल निलंबित झाला. तो राहायचा रीव्याला आणि चौकशी लागली जगदलपूरला, निकालात म्हटल्याप्रमाणे ५०० किलोमीटरवर. निलंबनात निर्वाह भत्ता द्यायचा असतो. तो त्याला मिळत नव्हता. त्यानं लिहून कळवलं की माझ्याकडे दुसरं उत्पन्न नाही, जायला पैसे नाहीत. तरी १९६५ च्या फेब्रुवारीत तीन दिवस साक्षी झाल्या, त्याच्या गैरहजेरीत. भत्त्याचा पहिला हप्ता त्याला मिळाला मार्चमध्ये. सर्वोच्च न्यायालयानं बडतर्फी रद्द केली. ज्याच्या हातात जायला पैसेच नाहीत, त्याला बोलावणं ही वाजवी संधी होत नाही.

मी हा निकाल पहिल्यांदा वाचला तेव्हा बराच वेळ तसाच बसून राहिलो. घटनेच्या एवढ्या मोठ्या कलमाचा अर्थ शेवटी गाडीभाड्यापाशी येऊन ठरला होता. आणि तो अर्थ मला नवा नव्हता. मी तो डोळ्यांनी पाहिला होता.

आमच्याकडचा एक कारकून. नाव सांगत नाही, कार्यालयही सांगत नाही. पावती पुस्तक आणि रोकडवही यांत तफावत निघाली आणि तो निलंबित झाला. निलंबनात मुख्यालय ठरवून देतात, त्याचं लांबच्या तालुक्याला ठरवलं. नियमाप्रमाणे निर्वाह भत्ता अर्धपगारी रजेच्या पगाराएवढा असतो आणि तीन महिन्यांनी त्याचा आढावा घेऊन तो वाढवताही येतो. पण त्यासाठी कर्मचाऱ्यानं 'मी दुसरी नोकरी-धंदा करत नाही' असं प्रमाणपत्र द्यायचं असतं. त्यानं दिलं. ते आवकला पोचलं, शिक्का बसला, आणि कुठल्यातरी टेबलावर पडून राहिलं. पाच महिने एक रुपया मिळाला नाही. या काळात चौकशीच्या चार तारखा पडल्या. चारही जिल्ह्याच्या ठिकाणी.

तो माझ्याकडे आला तेव्हा आदेश निघून गेला होता. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यानं कागद काढले. दोषारोपपत्राची झेरॉक्स इतकी फिकट, की जोडपत्र तीनमधल्या कागदपत्रांची यादी वाचायला मी ती खिडकीशी नेली. मग चौकशीचा रोजनामा पाहिला. चारही तारखांना एकाच हस्ताक्षरात एकच ओळ : 'अपचारी गैरहजर. चौकशी एकतर्फी चालवण्यात येत आहे.' मी त्याला विचारलं, "अरे, एकदा तरी जायचंस." तो म्हणाला, "काका, पहिल्या तारखेला निघालो होतो. स्टँडवर गेलो, मोजले, येण्याचे पुरत नव्हते. परत फिरलो."

मी त्याला विचारायला नको होतं, असं मला त्या क्षणी वाटलं. आजही वाटतं.

एकतर्फी चौकशीतही काही पथ्यं असतात. २०१० साली उत्तर प्रदेशातल्या एका अभियंत्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट सांगितलं, की चौकशी अधिकारी हा खात्याचा माणूस नसतो, तो निवाडा करणारा असतो. कर्मचारी आला नाही, तरी खात्याचा पुरावा आरोप सिद्ध करायला पुरेसा आहे का हे त्यानं स्वतः पाहायचं असतं. आमच्या प्रकरणात एकही साक्षीदार बोलावला नव्हता. दोषारोपपत्रातली वाक्यंच अहवालात निष्कर्ष म्हणून उतरली होती. आणि अहवालाची प्रत त्याला मिळाली ती बडतर्फीच्या आदेशाला जोडून.

मॅटपुढे आम्ही गेलो ते भत्ता न मिळाल्याचे पुरावे, प्रमाणपत्राची शिक्का मारलेली पोच आणि रोजनामा घेऊन. आदेश रद्द झाला. पण 'जिंकलो' हा शब्द इथे जपून वापरायला हवा. अशा वेळी कोर्ट बहुधा प्रकरण परत पाठवतं : जिथे चूक झाली तिथून चौकशी पुन्हा करा. माणूस पुन्हा निलंबनाखाली येतो. पेढे वाटायचा दिवस तो नसतो. काही जणांना ही पळवाट वाटते, लबाड माणूस तांत्रिक मुद्द्यावर सुटला असं ते म्हणतात. मला हे कधीच पटलं नाही. खरा भ्रष्ट माणूस सुटतो तो बहुतेक वेळा चौकशी नीट न केल्यामुळेच. साक्षीदार बोलवायला कंटाळा केला, की त्याचा फायदा दोषी माणसालाही मिळतो आणि निर्दोष माणूस वर्षानुवर्षं लटकत राहतो. नुकसान दोन्हीकडून आपलं, म्हणजे जनतेचंच.

त्याची चौकशी पुन्हा लागली. या वेळी भत्ता हातात होता. सकाळच्या पहिल्या एसटीनं आम्ही दोघं गेलो. तिकिटं त्यानं खिशात नीट घडी करून ठेवली. चौकशी अधिकारी नवे होते. त्यांनी रोजनाम्याचं कोरं पान पुढे ओढलं, तारीख घातली आणि लिहिलं, 'अपचारी हजर.' तो ती शाई वाळेपर्यंत त्या ओळीकडे बघत होता.

खात्याचा पहिला साक्षीदार बसला. मी एकच प्रश्न विचारला : तफावत निघाली त्या आठवड्यात हा रजेवर होता, तर पावती पुस्तक कुणाच्या ताब्यात होतं? साक्षीदार थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "साहेब, हजेरीपट बघून सांगतो."

हजेरीपट त्या चौकशीत कुणी आणलाच नव्हता. चौकशी अधिकाऱ्यांनी तो मागवला आणि पुढची तारीख दिली.