दुभाष्याचा भत्ता आणि शिपायाची बोली

(रत्नागिरी येथे कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात दिलेले व्याख्यान)



परकीय भाषांचे ज्ञान आणि लष्करातील वेतन हा विषय दिल्लीच्या संरक्षण मंत्रालयात शोभावा, रत्नागिरीत त्याचे काय प्रयोजन, असे आपल्यापैकी काहींना वाटले असणे शक्य आहे. परंतु आपला जिल्हा पिढ्यान्‌पिढ्या मनीऑर्डरीवर जगत आला, आणि ती मनीऑर्डर मुंबईच्या गिरणीतून, आगबोटीवरून किंवा पलटणीतून येत असे. गिरणीतल्या मजुरीचा आपल्या चळवळीने पुष्कळ अभ्यास केला. पलटणीतल्या मजुरीचा केला नाही. शिपाई हाही श्रम विकणारा माणूस आहे, ही गोष्ट बिगुलाच्या आवाजात आपल्याला ऐकू येत नाही.

कौशल्याला जादा मजुरी मिळते, असे अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके सांगतात. अ‍ॅडम स्मिथने १७७६ साली शिकलेल्या माणसाची तुलना महागड्या यंत्राशी केली. यंत्राचा खर्च जसा नफ्यासह भरून निघाला पाहिजे, तसा शिक्षणाचा खर्च त्या माणसाच्या वेतनातून निघाला पाहिजे. तर्क निर्दोष आहे आणि मी तो वर्गात वर्षानुवर्षे शिकवलाही आहे. मात्र एकच कौशल्य दोन माणसांपाशी असेल, तर दोघांनाही त्याचे सारखेच मोल येते काय, हा प्रश्न त्या तर्कात बसत नाही. लष्कर हे या प्रश्नाच्या परीक्षेसाठी उत्तम क्षेत्र आहे, कारण तेथे पदाचा, भत्त्याचा आणि बढतीचा नियम लेखी ठरलेला असतो.

कंपनी सरकारच्या मुंबई फौजेत परकीय भाषा कोणती होती? मराठी. गुजराती आणि हिंदुस्थानीही. विलायतेतून आलेल्या कोवळ्या अधिकाऱ्याला या भाषांची परीक्षा देता येई. मुनशी ठेवण्यासाठी त्याला वेगळा भत्ता मिळे, आणि परीक्षा उतरला की पलटणीचा दुभाषी होण्याचा मार्ग मोकळा होई. दुभाष्याचे पद म्हणजे नेहमीच्या पगारावर जादा पगार, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कवाइतीच्या मैदानावरून सुटका. मुलकी खाते, मोजणी खाते, शिक्षण खाते हे सारे दरवाजे भाषेच्या किल्लीने उघडत. १८१२ च्या सुमारास मुंबई फौजेत आलेला मोल्सवर्थ मराठी शिकला आणि कोशकार झाला. त्याचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली निघाला, आणि १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे ६० हजार शब्द आले. त्यात कोकणातल्या शब्दांना वेगळी खूण आहे. आपल्या आजीच्या तोंडचे कितीतरी शब्द आज तेथेच सापडतात. त्याचा सहकारी टॉमस कँडी हाही फौजेतलाच. तो पुढे पुण्याच्या पाठशाळेचा प्रमुख झाला आणि सरकारी मराठी भाषांतरावर त्याने अनेक वर्षे हुकमत गाजवली.

या माणसांच्या विद्वत्तेविषयी मला आदर आहे. मराठी गद्यावर त्यांचे ऋण आहे आणि ते नाकारणे कृतघ्नपणा होईल. माझा मुद्दा हिशेबाचा आहे. मोल्सवर्थच्या कोशामागे शास्त्रीमंडळी होती. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, परशुरामपंत गोडबोले प्रभृतींनी स्वतःचा मराठी कोश १८२९ सालीच सिद्ध केला होता. आज लोक कोणाचे नाव घेतात, हे आपण जाणता. आणि ज्यांच्याशी बोलण्यासाठी साहेब मराठी शिकत होता, त्या शिपायाचा दर एकोणिसाव्या शतकात बहुतेक काळ महिना ७ रुपये राहिला. तो ९ रुपये व्हायला १८९५ साल उजाडावे लागले. त्या ७ रुपयांत त्याने पोटही भरायचे होते. हा शिपाई घरी आपली बोली बोले, छावणीत हिंदुस्थानी बोले, आणि पलटण बेळगावास असो की बडोद्यास, तेथल्या बाजारात तेथल्या भाषेत सौदा करी. तीन भाषा त्याला येत असत. त्याबद्दल त्याला भत्ता नव्हता. भत्ता होता तो त्याची एक भाषा शिकणाऱ्याला.

वरच्या थरातही ज्ञान एकट्याने पुरे पडत नसे. रिचर्ड बर्टन १८४२ साली मुंबई फौजेत आला आणि एकामागून एक भाषांच्या परीक्षा उतरला. हिंदुस्थानी, गुजराती आणि मराठी त्यांत होत्या. तरीही १८४८ साली पंजाबच्या युद्धात दुभाष्याच्या पदासाठी त्याने अर्ज केला, तेव्हा ते पद त्याच्याहून कमी भाषा येणाऱ्या अधिकाऱ्यास गेले, असे त्याच्या चरित्रात नमूद आहे. वरिष्ठांची मर्जी ही परीक्षेच्या यादीत नसलेली भाषा त्याला येत नसावी.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. मंडणगड तालुक्यातील आंबडवे गावच्या रामजी सकपाळांचा इतिहास आपल्याला बाबासाहेबांचे वडील म्हणून ठाऊक आहे. मी त्याकडे वेतनाच्या अंगाने पाहण्याची विनंती करतो. फौजेत शिपायांच्या मुलांना शाळा होती. ज्या समाजाला गावच्या शाळेच्या पायरीवरही बसू देत नसत, त्या समाजाचा माणूस तेथे शिकला, इंग्रजीत चांगला तयार झाला आणि सुमारे १४ वर्षे लष्करी शाळेचा मुख्याध्यापक राहून सुभेदार-मेजर झाला. रत्नागिरीतच जन्मलेल्या धनंजय कीरांनी हे चरित्रात तपशिलाने दिले आहे. अस्पृश्य मानलेल्या माणसाला भाषेच्या बळावर एतद्देशीयांना मिळू शकणाऱ्या जवळजवळ सर्वोच्च पदापर्यंत जाता आले, असे स्थान त्या काळी पलटणीखेरीज फारसे नव्हते. आणि ते स्थान १८९२-९३ च्या सुमारास महारांची भरती थांबवून सरकारने काढून घेतले. 'लढवय्या जाती' नावाचे एक शास्त्र तेव्हा तयार झाले होते. त्यात परीक्षा नव्हती, फक्त जन्म होता. फौजेतून निवृत्त होऊन दापोलीस राहिलेल्या गोपाळबाबा वलंगकरांनी या भरतीबंदीविरुद्ध अर्ज सिद्ध केला. पहिल्या महायुद्धात माणसे कमी पडली तेव्हा १९१७ साली १११वी महार पलटण उभी राहिली आणि गरज संपताच १९२१ साली मोडली गेली. आजची महार रेजिमेंट १९४१ ची. मधल्या दोन पिढ्यांत जी मुले पलटणीच्या शाळेत जाऊ शकली असती, त्यांचा हिशेब कोणत्याही अंदाजपत्रकात नाही.

ही केवळ आपलीच कथा आहे असे समजू नका. अमेरिकन सैन्याने १ नोव्हेंबर १९४१ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे जपानी भाषेची गुप्त शाळा काढली. पहिल्या वर्गातील ६० विद्यार्थ्यांपैकी दोन वगळता सारे जपानी वंशाचे अमेरिकन होते. पुढच्याच वर्षी त्यांच्या आईबापांना काटेरी तारांच्या छावण्यांत कोंडण्यात आले. मुले मात्र आघाडीवर कागद वाचीत आणि कैद्यांची जबानी घेत राहिली. त्याच शाळेतून उतरलेल्या गोऱ्या विद्यार्थ्यांना अधिकाऱ्याचे कमिशन मिळे, आणि ज्यांच्या घरी ती भाषा बोलली जाई ते बहुतांशी सार्जंटच्या पायरीवर थांबत. आज त्याच सैन्यात भाषाज्ञानाला वर्षाला १२ हजार डॉलरपर्यंत बोनस देण्याची कायद्यात तरतूद आहे. कातडीचा हिशेब तेथे मागे पडण्यास किती काळ लागला, ते आपण पाहतोच.

स्वातंत्र्यानंतर आपल्या सरकारने १९४८ साली दिल्लीत संरक्षण मंत्रालयाच्या अखत्यारीत परकीय भाषांची शाळा काढली, ही दूरदृष्टीच होती. तिची निकड १९५३ साली कोरियात दिसली. मेजर जनरल थोरात या मराठी सेनानीच्या हाताखालील भारतीय तुकडीकडे २२ हजारांहून अधिक चिनी व कोरियन युद्धकैदी सोपवले गेले. मायदेशी परतायचे की नाही हे प्रत्येक कैद्याला समजावून विचारायचे होते. म्हणजे शांततेचे सारे काम दुभाष्याच्या जिभेवर होते. खडकवासल्याच्या प्रबोधिनीत आज छात्रांना अरबी, चिनी, फ्रेंच, रशियन यांतील भाषा शिकता येते. भाषा आली की पुढे वकिलातीतील लष्करी प्रतिनिधीचे पद, राष्ट्रसंघाच्या मोहिमा, सीमेवरील बैठका अशा नेमणुकांचे क्षितिज उघडते. भत्त्याची रक्कम त्यापुढे किरकोळ आहे. खरी मिळकत नेमणुकीत आहे.

परंतु प्रबोधिनीच्या दारातच एक परकीय भाषा उभी आहे, आणि तिला आपण परकीय म्हणायचे सोडून दिले आहे. प्रवेशाच्या लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी २०० गुण इंग्रजीचे. शिपाई म्हणून भरती होऊन अधिकारी बनू पाहणाऱ्यासाठी आर्मी कॅडेट कॉलेज आहे. त्याच्याही प्रवेशपरीक्षेत इंग्रजीची स्वतंत्र पत्रिका. लांज्याच्या किंवा संगमेश्वरच्या जिल्हा परिषद शाळेतून निघालेल्या मुलाला चिनी भाषेपर्यंत पोचण्यापूर्वी ही खिंड ओलांडावी लागते. शिपायाच्या भरतीची लेखी परीक्षा २०२५ पासून मराठीतही देता येते, हे चांगले झाले. मराठीने आत येता येते. वर जाता येत नाही.

आणि आता शिपायाजवळ वर जाण्यास वेळही उरलेला नाही. हा भाग मला सर्वांत गंभीर वाटतो. गलवानच्या २०२० च्या संघर्षानंतर सैन्याला चिनी जाणणाऱ्यांची टंचाई तीव्रतेने जाणवली. २०२३ साली तेजपूर विद्यापीठाशी चिनी शिकवण्याचा करार झाला. पचमढीच्या लष्करी शिक्षण केंद्रात तर अधिकाऱ्यांबरोबर इतर दर्जाच्या सैनिकांनाही परकीय भाषा शिकवतात. दरम्यान २०२२ साली अग्निपथ योजना आली: मुदत ४ वर्षांची, कायम होणार फार तर चौथा हिस्सा, बाकीच्यांना एकरकमी सेवानिधी, निवृत्तिवेतन नाही. गॅरी बेकर या अर्थशास्त्रज्ञाने १९६४ साली मांडलेला विचार येथे लागू पडतो. जे कौशल्य कामगार दुसऱ्या मालकाकडे नेऊ शकतो, त्यावर पहिला मालक खर्च करीत नाही. आणि कामगार लवकर जाणारच असेल, तर मुळीच करीत नाही. चिनीसारखी भाषा कामापुरती यायलाही दीडदोन वर्षे लागतात. ४ वर्षांच्या शिपायावर ती दोन वर्षे कोण खर्च करील? म्हणजे नियमात कोठेही न लिहिता भाषेचा भत्ता आणि भाषेची नेमणूक पुन्हा वरच्या थरापुरती उरते.

याला सैन्याच्या शिस्तीचा प्रश्न म्हणून बाजूस सारू नये. संरक्षणखर्चाच्या मागण्या संसदेत दरवर्षी येतात आणि बहुधा चर्चेविना मंजूर होतात. आपले कार्यकर्ते आपल्या खासदारांना एवढे तरी विचारू शकतील: परकीय भाषांच्या अभ्यासक्रमांत गेल्या पाच वर्षांत अधिकारी किती आणि शिपाई किती घेतले? भाषेची परीक्षा उतरलेल्या अग्निवीराला कायम करताना त्याचे गुण धरतात काय? आणि आखातात नोकऱ्या करून आलेल्या कोकणी घरांतील मुलाला कामापुरती अरबी येत असेल, तर भरतीच्या वेळी ती कोणी तपासून पाहते काय?