ब्रेकचा रबरी होज आणि धातूचा पाइप

गाडीच्या ब्रेकचा रबरी होज चिरला की ‘रबर कशाला, सरळ धातूचा पाइपच टाका’ असा सल्ला हमखास मिळतो. चाकापाशी तो मुळीच ऐकू नका. चाक खड्ड्यात वरखाली होतं, पुढचं तर स्टिअरिंगबरोबर वळतंही. तिथे कडक पाइप वाकून वाकून तडकतो, ऑइल गळतं आणि पेडल एकदम खाली जातं. तिथे नवा होजच हवा. मात्र चॅसीवरच्या, एकमेकांपासून न हलणाऱ्या दोन टोकांमध्ये कुणी रबरी तुकडा जोडला असेल, तर तो काढून धातूचा पाइप जरूर टाका. तो दाबाने फुगत नाही, पेडल घट्ट लागतं.

पाइप ब्रेकसाठीच बनवलेला, स्टीलचा किंवा तांबे-निकेल मिश्रधातूचा घ्या. साधं तांबं नकोच, ते हादऱ्यांनी कडक होऊन चिरतं. अनेक मोटारींत या पाइपाचा बाहेरचा व्यास 4.75 मिलिमीटर असतो. त्याची कड दुहेरी दुमडून फुलवतात. त्या कडेवर केसाएवढी चीर दिसली, तरी टोक कापून पुन्हा करायला लावा. जोडणी झाली की ब्रेकमधली हवा काढायची, मग कुणाला तरी पेडल दाबून धरायला सांगून प्रत्येक जोड कोऱ्या कागदाने टिपून पाहायचा.