डोळे असून आंधळेपण



महोत्सवाच्या या मंगल प्रसंगीं आम्ही आपणांपुढें एका धर्मगुरूचें उदाहरण ठेवितों. बार्तोलोमे दे लास कासास हे क्यूबा बेटांत मिस्सा अर्पण करीत, आणि तेथील मूळ रहिवाशांना वेठीस धरून आपल्या शेतांवर राबवीतही असत. शेजारच्या हिस्पानिओला बेटावर १५११ सालीं आंतोनियो दे मोंतेसिनोस या डोमिनिकन पाद्रींनीं या जुलमाचा प्रवचनांतून कडक निषेध केला होता. तरी लास कासास यांनीं आपलीं माणसें सोडिलीं नाहींत. १५१४ सालीं पेंटेकॉस्टच्या प्रवचनाची तयारी करितांना, गरिबांस लुबाडून आणलेलें अर्पण देवास मान्य नाहीं, हा सिराखच्या ग्रंथांतील बोध त्यांच्या अंतःकरणास भिडला. तेव्हां कोठें त्यांनीं त्या हक्कावर पाणी सोडिलें.

परंतु अंधार एकदम सरत नाहीं. पुढें त्यांनींच आफ्रिकी गुलाम आणण्याची सूचना केली, आणि उतारवयांत त्याबद्दलचा पश्चात्ताप आपल्या इतिहासग्रंथांत लिहून ठेविला.

जेथें आपला लाभ असतो, तेथेंच आपली दृष्टि मंदावते. म्हणून पापनिवेदनापूर्वीं ‘आपण काय केलें?’ एवढेंच न पुसतां, ‘आपल्या सुखासाठीं कोण झिजतो?’ हेंही पुसूं या. मजुराची थकलेली मजुरी, मोलकरणीचें शिळें ताट, जातीवरून मोडलेली सोयरीक, येथून आरंभ करूं या. ज्याचें बोलणें आपणांस बोंचतें, त्याचें आधीं ऐकूं या. आणि आंधळ्या बार्तिमयानें प्रभूपाशीं जें मागितलें, तेंच मागूं या: दृष्टि.