पाऊस आजचा आणि तीस वर्षांचा

मुलाकडे आलेल्या मुरगूडच्या निवृत्त भूगोल शिक्षकांना आपल्या मंडळाने बोलावलं, तेव्हा विषय त्यांनीच सुचवला. जुलै-ऑगस्टमध्ये इथल्या कितीतरी घरांतून कागल-भुदरगडकडे फोन जातात: पाणी कुठवर आलं? दिवाळीनंतर त्याच घरांत चर्चा असते, की नदीकडेच्या रानात घर बांधावं का? पहिल्या प्रश्नाला आजची हवा बघावी, दुसऱ्याला तीस वर्षांचं हवामान, हे गुरुजींचं मुख्य सांगणं.

जगभर तीस वर्षांची सरासरी धरतात, सध्याची १९९१ ते २०२०, एवढं सांगून ते उसावर आले आणि तिथेच रमले. बिद्रीच्या साखर कारखान्यात एखाद्या दिवशी साखरेचा उतारा घसरला, तर कुणी रानाला दोष देत नाही. तोडलेला ऊस दोन दिवस फडात पडून राहिला असेल, पाला-माती जास्त गेली असेल. पण हंगामामागून हंगाम उतारा घसरत राहिला, की उसाची जात, पाणी, जमीन सगळं तपासावं लागतं. “एका थंड पहाटेवरून तापमानवाढ खोटी ठरवणं म्हणजे एका खेपेवरून कारखान्याचा ताळेबंद मांडणं,” गुरुजी कळकळीने म्हणाले.

“मग २०१९ चा पूर बदलत्या हवामानाचाच ना?” मागून प्रश्न आला.

त्या ऑगस्टमध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांवर गेली होती. धोक्याची पातळी ४३ फूट. तरी एकट्या पुरावरून निकाल देता येत नाही, असं गुरुजींनी बजावलं. पण २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. शिवाय पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेतले रॉक्सी कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवलं, की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारताच्या पट्ट्यात दूरवर पसरणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. अरबी समुद्रावरून येणारं बाष्प त्यामागे आहे. हवा एका अंशाने तापली, की सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरू शकते.

इतक्यात एका ताईंनी विचारलं, “टीव्हीवर पंचगंगेचा आकडा दिसला की जीव घाबरतो. आई मुरगूडला एकटी असते.”

गुरुजी विषय सोडून नकाशाकडे वळले. मुरगूड पंचगंगेवर नाही, वेदगंगेवर आहे. तिचं पाणी पाटगावच्या बाजूने येतं. म्हणून पाटगाव धरणाचा विसर्ग आणि तिकडचा पाऊस विचारायचा. पाऊसही सगळीकडे सारखा नसतो; घाटमाथ्यावर कोसळत असताना शिरोळकडे नुसती भुरभुर असू शकते.

आणि घराचं काय? २०१९ आणि २०२१ ला शेजारच्या भिंतींवर पाणी कुठवर चढलं होतं, ते आधी विचारा, असं त्यांनी सांगितलं. जोतं त्याच्याही वर घ्यायचं. तेवढं जमत नसेल, तर त्या रानात ऊसच राहू द्यायचा.