तेरामाचीवरील चहाचे दुकान
(माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



जयनगरात राहून चहाविषयी बोलणे धाडसाचेच. येथे दिवस उजाडतो तो फिल्टर कॉफीच्या वासाने. तरीही क्योतो शहरातील तेरामाची रस्त्यावरच्या ‘इप्पोदो’ या दुकानाविषयी सांगते. दुकान १७१७ सालचे. हे नाव मात्र १८४६ मध्ये एका राजपुत्राने दिलेले. चहा हा एकच माल उत्तम राखावा, असा त्याचा आशय.

दुकानाला लागूनच चहा पिण्याची खोली आहे. तेथे पानांचा चहा मागवला, की तो गिऱ्हाइकाने स्वतः करावयाचा. मी ग्योकुरो मागवला. खुडणीपूर्वी सुमारे २० दिवस या झुडपांवर सावली धरतात. त्यामुळे तुरटपणा कमी राहून पानांत गोडी उतरते. उकळते पाणी त्याला सोसत नाही, ६० अंशांच्या आसपासचे लागते. तबकात तापमापक नव्हता. पाणी एका कपातून दुसऱ्यात ओतले, की सुमारे १० अंशांनी निवते, एवढे तिथल्या मुलीने दाखवले आणि ती बाजूला झाली. पुढे दीड मिनिट थांबायचे, किटली हलवायची नाही, आणि शेवटचा थेंब निथळेपर्यंत ओतायचे. आत पाणी राहिले तर पाने भिजतच राहतात व दुसऱ्या खेपेचा चहा कडवटतो. हाती आला तो जेमतेम दोन-तीन घोट. आपल्या आले-वेलदोड्याच्या उकळलेल्या चहाला मी त्याहून उणा मानत नाही, हेही सांगून ठेवते.

माझे लक्ष चहापेक्षा त्या मुलीकडे अधिक होते. तयार कप आणून ठेवणे तिला कितीतरी सोपे होते. माझे पाणी नीट निवले नव्हते, हे दुरून तिला दिसत असावे; तिने किटली माझ्या हातून घेतली नाही. दुसऱ्या खेपेला मी आपणहून एक कप वाढवून पाणी फिरवले.

पालकहो, तयार उत्तरे लिहून द्या, म्हणजे मुले मागे पडणार नाहीत, असा आपला आग्रह असतो. बेंगळुरूत मराठी माध्यम निवडल्यावर ही धास्ती दुप्पट होते, हे मी जाणते. तरीही यंदा जूनपासून सातवीच्या विज्ञानाच्या वहीत फळ्यावरून उतरवलेली उत्तरे आम्ही बंद केली आहेत. मुले प्रयोग करतात आणि आपल्या मराठीत लिहितात. पहिल्या चाचणीत गुण उतरले. काही पालकांनी लेखी हरकत घेतली आहे. शनिवारी शाळा सुटल्यावर मी त्या वह्या घेऊन बसते. ज्यांना पाहावयाच्या आहेत त्यांनी अवश्य यावे.