ताप गेला, पण गळ्यातली कणगी फुटली
(जिल्हा बैठकीतील भाषण)



भावाबद्दल आणि कर्जाबद्दल बोलून झालं. आता आम्ही गळ्याबद्दल बोलणार आहोत. हसू नका. घरातलं कर्तं माणूस चार महिने अंथरूण धरून बसलं, तर शाळूची काढणी मजुरीनं आणि कापसाची वेचणीही मजुरीनं. हासुद्धा उत्पादनखर्चच आहे. तो कोणी हिशेबात धरत नाही, एवढंच.

लाळ-खुरकत आपल्या ओळखीचा रोग. तोंड बरं होतं, खूर भरून येतात, पण काही जनावरं पुढं धापायला लागतात. अंगावर केस वाढतात, उन्हात उभं राहवत नाही, दूध उतरतं. बाजारात असं जनावर मातीमोल जातं. विषाणू गेला तरी शरीराचा कारभार चालवणाऱ्या ग्रंथी बिघडवून गेला असावा, असं पशुवैद्यक सांगतात. जनावराचं हे आपल्याला पटतं. माणसाचा मात्र ताप उतरला की आजार संपला, असं आपण धरून चालतो.

माणसाच्या गळ्यात घाटीच्या खाली फुलपाखरासारखी थायरॉईड ग्रंथी असते. शरीराचं इंजिन किती वेगानं चालायचं, ते तिचा रस ठरवतो. ही ग्रंथी म्हणजे कणगीच. दोन-तीन महिने पुरेल एवढा रस तिच्यात साठवलेला असतो. सर्दी-पडसं, फ्ल्यू, गालगुंड अशा विषाणूच्या आजारानंतर, बहुधा दोन ते आठ आठवड्यांनी, कधी कधी ही ग्रंथी सुजते. कणगी फुटते आणि साठा एकदम रक्तात सांडतो. स्वित्झर्लंडचे शल्यचिकित्सक द केर्वेन यांनी १९०४ सालीच या दुखण्याचं वर्णन केलं. २०२० साली इटलीच्या डॉक्टरांनी ते कोरोनानंतरही होतं असं दाखवलं.

आपल्या भागानं कोरोना कमी सोसला नाही. मार्च २०२० मध्ये त्या वेळच्या इस्लामपुरात एकाच घरातली माणसं बाधित निघाली. २०२१ च्या जून-जुलैत बाकी महाराष्ट्र सावरत असताना सातारा-सांगलीत साथ हटत नव्हती. घरोघरी ताप मोजला. पुढं गळा कोणी पाहिला नाही.

प्रत्येकाला हे होतं असं नाही, क्वचितच होतं. पण खुणा माहीत हव्यात. गळ्याला पुढून हात लावला तरी दुखतं, कळ जबड्यात आणि कानात जाते. छाती धडधडते, हात कापतात, घाम फुटतो, वजन उतरतं. साठा संपला की उलटं होतं: गळून गेल्यासारखं वाटतं, थंडी सोसत नाही, शौचाला साफ होत नाही, अंग जड पडतं. बहुतेक माणसं वर्षाच्या आत बरी होतात. शंभरातल्या पाच ते पंधरा जणांची ग्रंथी मात्र मंद राहते. त्यांना रोज गोळी घ्यावी लागते.

पुरुषांपेक्षा बायकांना हे कितीतरी जास्त होतं, तेही तीस ते पन्नास वयात. नेमक्या त्याच वयात बाई रानात आणि घरात दुहेरी राबते. ती दमली म्हटली की आपण म्हणतो, आळस आलाय. नाहीतर देवऋष्याकडे नेतो. मायबहिणींनो, हे ऐकून घेऊ नका.

इलाज साधा आहे. सुरुवातीला सूज आणि दुखणं कमी करणारं औषध, धडधडीवर वेगळी गोळी. रस तयार होणं थांबवणाऱ्या गोळ्यांचा इथं उपयोग नाही. पेर थांबवून सांडलेलं धान्य कणगीत परत येत नाही. अँटिबायोटिकच्या सुया आणि सलाईनवर पैसा घालू नका. स्टेरॉईड डॉक्टरनं लिहून दिलं तरच घ्या, दुकानातून आणून नको. हा आयोडीनच्या कमतरतेचा गलगंडही नव्हे. जास्त मीठ खाऊन काही होणार नाही.

रक्ताची टीएसएच ही तपासणी मागा. पहिली ठीक आली तरी त्रास राहिला तर दीड-दोन महिन्यांनी पुन्हा करा, कारण ग्रंथीची चाल बदलत जाते. आरोग्य विभागाच्या सरकारी रुग्णालयांत तपासण्या आणि उपचार मोफत करण्याचा निर्णय १५ ऑगस्ट २०२३ पासून लागू आहे. ती भीक नाही, आपल्या करातून भरलेला पैसा आहे.

गावी गेल्यावर एक काम करा. गेल्या तीन महिन्यांत ज्यांना मोठा ताप येऊन गेला, त्यांच्या घरी जा आणि विचारा: गळा दुखतो का? छाती धडधडते का? काम उरकत नाही का? उत्तर हो आलं, तर त्यांना घेऊन ग्रामीण रुग्णालय गाठा. एकटं पाठवू नका, सोबत जा.